काही न करणाऱ्या बाई

आमच्या अमरावतीच्या घरी रोज सकाळी एक बाई यायच्या आणि काहीही करायच्या नाहीत. फाटकाशी स्कुटी लावायच्या, पायातले पांढरे बूट दाराशी काढायच्या (साडीवर बूट, आणि त्याची त्यांना काडीची लाज नव्हती), स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसायच्या आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घ्यायच्या. तासभर त्या तशाच. समोर माझा भाऊ मिलिंद दुधाचं पातेलं हातात घेऊन गोंधळून उभा, आई तोंडाला पदर लावून उंबऱ्यात उभी, आणि बाई आपल्या बसलेल्या. शेजारच्या काकूंनी एकदा हा सगळा प्रकार खिडकीतून बराच वेळ पाहिला आणि आईला विचारलं, "अवं, या बाईले पगार कायचा भेटते?" त्या दिवसापासून गल्लीत त्यांचं नाव बिनकामाच्या बाई पडलं. बाईंच्या कानावर ते गेलं तेव्हा त्यांना हसता हसता ठसका लागला.

मिलिंद माझा धाकटा भाऊ. आता चाळिशी ओलांडली त्यानं. जन्मापासून बुद्धीची वाढ कमी, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि आम्ही ते ऐकलंही होतं. पण ऐकणं निराळं आणि रोज निभावणं निराळं. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, ते लवकर गेले. मी लग्न होऊन अकोल्याला आले, नोकरीही इथंच लागली. मागे राहिले आई आणि मिलिंद. आई त्याला आंघोळ घालायची, भात कालवून भरवायची, भांग पाडायची, शर्टाची बटणं लावायची. दाढी आलेल्या माणसाला! गावात मोठ्या मुलांसाठी एक कार्यशाळा होती, तिथे तो कागदी पिशव्या करायला जायचा. आई सोडायला जायची आणि आई आणायला जायची. तिच्यामागे त्याचं कसं होणार, हा प्रश्न आमच्या सगळ्यांच्या मनात असायचा आणि कोणीही तो तोंडातून काढत नसे.

बाई त्या कार्यशाळेतल्या. घर पाहायला म्हणून पहिल्यांदा आल्या तेव्हा आईनं नुकतंच मिलिंदला भरवलं होतं आणि ती ओल्या फडक्यानं त्याचं तोंड पुसत होती. बाईंनी ते पाहिलं आणि सरळ विचारलं, "मिलिंदच्या आई, तुमी गेल्यावर याचं तोंड कोन पुसंन?"

आईनं त्या दिवशी बाईंना चहा विचारला नाही. आमच्या घरात आलेल्या माणसाला चहा विचारला नाही, असं कधी झालं नव्हतं. संध्याकाळी मला फोन करून तिनं बाईंचा यथेच्छ उद्धार केला. निर्दय बाई आहे, काळीज नाही, पुन्हा उंबऱ्याच्या आत घेणार नाही. मी म्हटलं, बरं, नको घेऊस. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई हजर, आणि आईनं मुकाट्यानं पाट मांडून दिला. असं का केलंस ते मी तिला विचारलं नाही आणि तिनंही कधी सांगितलं नाही.

हात मांडीखाली का, हे मात्र मी बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "हातायचा भरवसा नाई, सुजाता. डोकं ऐकते, हात नाई ऐकत. जरा सांडलं का धावतेत." मला तेव्हा ही गंमत वाटली. मग एका रविवारी मी स्वतः त्या पाटावर बसून पाहिलं. मिलिंद पातेल्यातलं दूध कपात ओतत होता आणि धार कपाच्या बाहेर पडत होती, कपाच्या बाहेरच पडत होती, अन् मी कधी उठले आणि पातेलं कधी हिसकावलं हे मला कळलंच नाही. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परत जाऊन बसले. फरशी आहे, पुसता येते, एवढंच बोलल्या.

"थांबा जरा, तो विचार करून राह्यला." हे बाईंचं ठरलेलं वाक्य. मिलिंद मोरीच्या दारात बादली घेऊन थबकला, की आई पुढे व्हायची. बाई म्हणायच्या, थांबा जरा. गल्लीच्या टोकाच्या किराणा दुकानात तो साखर मागायच्या ऐवजी बरणीकडे टक लावून उभा राहिला, की दुकानदार घाईनं काहीतरी बांधून द्यायचा. बाई म्हणायच्या, थांबा जरा. मागची गिऱ्हाइकं चुळबुळ करायची, कोणी कोणी बोलायचंही. बाई त्यांच्याकडे वळून अगदी गोड आवाजात विचारायच्या, "तुमाले कुठं आग विझवाले जायचं हाय काय?" आणि खरंच, थोड्या वेळानं मिलिंदच्या तोंडून शब्द यायचा. साखर. बाई लगेच दुकानदाराला सांगायच्या, आता द्या. त्या वेळी त्यांच्या तोंडावर जो आनंद असायचा तो पाहून मला हसू यायचं. साखरेची पुडी मिळाल्याचा एवढा आनंद मी दुसऱ्या कोणाला झालेला पाहिलेला नाही.

शिकवायची त्यांची रीत उलटी होती. बटणं वरून लावायची असतात, पण मिलिंदला त्यांनी आधी फक्त शेवटचं बटण दिलं. बाकीची आईनं लावायची, शेवटचं त्यानं. ते जमलं की शेवटची दोन त्याची. मग तीन. आई वैतागायची, पोराला सरळ सगळं शिकवा ना, म्हणायची. बाई म्हणाल्या, सुरुवात त्याची आणि शेवट तुमचा असं केलं तर काम पुरं झाल्याचं सुख तुम्हालाच मिळेल, आणि ते तर तुम्ही आजवर पोटभर घेतलंय. आईला हे लागलं. पण तिनं ऐकलं. पायजम्याची नाडी त्यांनी सरळ काढून टाकायला लावली आणि रबर घालून घेतला. आई दोन दिवस रडली, म्हणाली, बापासारखा उंचापुरा माणूस आणि लेकरासारखा रबराचा पायजमा. बाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं. नाडीत अडकून दिवस घालवायला त्याला वेळ नाही, त्याला अजून चहा शिकायचाय, म्हणाल्या.

चहा मात्र आमच्याच गॅसवर शिकायचा, हा हट्ट. कार्यशाळेत त्यासाठी छान ओटा होता, गॅस होता, नवी भांडी होती. बाई तिथे शिकवत नसत. तिथे शिकला तर तिथेच करील, आणि तिथे कोण राहतंय, असं त्यांचं म्हणणं. मिलिंदसारख्यांचं शिकणं जागेला चिकटून बसतं. बर्नर डावीकडचा असेल तर डावीकडचाच. म्हणून बाई स्कुटीवरून घरोघर हिंडायच्या आणि ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघरात पाट मागून घ्यायच्या. पहिल्यांदा मिलिंदनं गॅस पेटवला त्या दिवशी आई ओलं पोतं घेऊन उभी होती, मी देवाधर्माला न मानणारी बाई डोळे मिटून उभी होते, आणि बाईंच्या कपाळावर घाम होता. भक्कन पेटला. मिलिंदनं आमच्याकडे वळून पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. स्वतःसाठीच.

आता बाईंना देवता करून ठेवायची माझी इच्छा नाही, त्या होत्याही नाहीत. बोलायला फटकळ, कोणाच्याही आईला चारचौघांत टाकून बोलायच्या. पालीला इतक्या घाबरायच्या की एकदा पाटासकट मागे पडल्या. त्यांचा स्वतःचा चहा म्हणजे गरम पाण्याला लागलेला रंग. मिलिंदनं एक घोट घेऊन कप खाली ठेवला आणि तोंड वाकडं केलं, तेव्हा त्यांनीच त्याला दाद दिली. गिला वडा दिसला की स्कुटी आपोआप थांबायची, मग कोणाच्या घरी उशीर होवो. या कामात कशा आलात, घरात कोणी असं आहे का, असं मी एकदा हळुवारपणे विचारलं. म्हटलं काहीतरी मोठी गोष्ट निघेल. त्या म्हणाल्या, "कोनी नाई वो. ऑर्डर निघाली, आली."

आणि त्या चुकल्याही. चुकल्या त्या अशा की त्या चुकीनं सगळं काम अर्ध्यावर आणलं.

घरातलं जमल्यावर बाईंनी रस्ता हाती घेतला. कार्यशाळा बडनेरा रोडवर, शेअर ऑटोनं जायचं. मिलिंदनं एकट्यानं जावं. आईनं हो म्हणायला अख्खा हिवाळा घेतला. मग उन्हाळ्यात रोज सकाळी बाई त्याच्याबरोबर ऑटोत बसू लागल्या, शेजारी नाही, मागच्या बाजूला. उतरायची जागा कशी ओळखायची? पाट्या त्याला वाचता येत नाहीत. पण कार्यशाळेच्या कोपऱ्यावर एक रसवंती होती, उसाच्या चरकाला घुंगरं बांधलेली. लांबून छुमछुम ऐकू यायची. मिलिंदला ती भारी आवडायची. बाईंनी तेच धरलं: घुंगरं वाजली की म्हणायचं, थांबा. त्यानं ते काय पक्कं केलं! आवाज आला की खणखणीत ओरडायचा, थांबा! ऑटोतली माणसं दचकायची. काही दिवसांनी बाई मागच्या ऑटोनं जाऊ लागल्या, मग कोपऱ्यावर उभ्या राहू लागल्या, मग तेही बंद. मिलिंद एकटा जाऊ लागला, एकटा येऊ लागला. आईनं गल्लीभर पेढे वाटले. बिनकामाच्या बाईंना सगळ्यांत मोठा दिला.

पुढे पावसाळा लागला आणि रसवंतीवाला आपला चरक उचलून गावी गेला. पावसाळ्यात उसाचा रस कोण पितो?

मिलिंद ऑटोत बसून घुंगरांची वाट पाहत राहिला. ऑटो कोपऱ्यावरून पुढे गेला. तो बसून राहिला. बडनेऱ्याला सगळे उतरले तेव्हा तोही उतरला. तिथून तो कसा, कुठे फिरला ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. मी अकोल्याहून निघाले, आई रस्त्यावर अनवाणी, बाई स्कुटीवरून चौकाचौकांत. दिवस कलताना स्टेशनवरच्या एका हवालदाराला तो फलाटावरच्या बाकावर भिजून बसलेला सापडला. खिशात बाईंनीच ठेवलेली नंबराची चिठ्ठी होती, म्हणून फोन तरी आला. हवालदार विचारत होता तरी हा एकच बोलत होता: वाजलं नाही, वाजलं नाही.

बाई आमच्या दाराशी आल्या पण आत आल्या नाहीत. पायरीवर बसल्या. आईनं त्यांना काय काय ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "म्या त्याले उनाळ्याचा रस्ता शिकवला, सुजाता. इतकी वर्स झाले या कामात, अन् मले सुचलं नाई." त्यानंतर आईनं मिलिंदला पुन्हा कधी एकटं गल्लीबाहेर सोडलं नाही. बाईंनी दुसऱ्या खुणा सुचवल्या, मोठी पाण्याची टाकी आहे, शाळेची लाल भिंत आहे, या काही पावसात उठून जात नाहीत. आईनं ऐकलं नाही. बाईंनीही पुढे रेटा लावला नाही, तोंड नव्हतं त्यांना. मला म्हणाल्या, रस्ता गेला, आता घर तरी पक्कं करू. आणि मग निवृत्त झाल्यावरसुद्धा त्या रोज येत राहिल्या, गुडघे धरून पाटावर बसत राहिल्या. कुकर, केर, अंथरूण, दाढी. घर आणि गल्लीच्या टोकाचं ते दुकान, एवढं जग. पण तेवढ्यात मिलिंद राजा झाला.

आई गेली ती तापाचं निमित्त होऊन, आठवड्यात. जलदानविधीला जमलेले सगळे नातेवाईक एकच गोष्ट बोलत होते, की आता मिलिंदला अकोल्याला ने. मामा तर मला बाजूला घेऊन म्हणाले, त्याला इथं एकटं ठेवशील तर लोक तोंडात शेण घालतील. मी नेणारच होते. तेव्हा बाई म्हणाल्या, थांबा जरा. महिनाभर राहू द्या त्याला इथंच, मी सकाळी येते, शेजारच्या काकू संध्याकाळी डोकावतील, तू रविवारी ये.

महिन्याचं वर्ष झालं, वर्ष उलटून गेलं. मिलिंद एकटा राहिला! सकाळी उठून आंघोळ, बुद्धाच्या फोटोपुढे अगरबत्ती, चहा, कुकरच्या शिट्ट्या बोटांवर मोजून वरणभात, दुपारी झोप, संध्याकाळी दुकान. ज्या काकूंनी बाईंच्या पगाराची चौकशी केली होती त्याच आता संध्याकाळी येऊन त्याच्या हातचा चहा पिऊन जायच्या आणि वर दुसऱ्या दिवशी आलं आणून द्यायच्या. एका रविवारी मी आणि माझा नवरा गेलो तर त्यानं आम्हाला पाटावर बसवून जेवायला वाढलं. वरणात मीठ जास्त होतं. मी एक घास घेतला आणि मला रडूच फुटलं. तो वाकून माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाला, "ताई, तिखट झालं काय?" बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्याही डोळे पुसत होत्या, आणि मला म्हणाल्या, मीठ सांग त्याला, उगाच रडत बसू नको. माझ्या आयुष्यात मी त्या दिवसाइतकी निश्चिंत कधी झोपले नसेन.

घर भाड्याचं होतं. घरमालक वाईट नव्हते, हे सांगायलाच हवं. वाईट असते तर भांडायला सोपं गेलं असतं. इमारत जुनी, एका पावसाळ्यात मागची भिंत बसली, महापालिकेची माणसं येऊन गेली, पाडायची म्हणून ठरलं. त्यांनी आम्हाला भरपूर मुदत दिली. मी आणि बाई त्याच गल्लीत, मग शेजारच्या गल्लीत, मग राजापेठेपासून कॅम्पापर्यंत खोल्या पाहत फिरलो. उन्हातान्हात, त्या स्कुटीवर, मागे मी. खोल्या होत्या. राहणार कोण, या प्रश्नापाशी त्या बंद व्हायच्या. एका घरमालकीणबाईंनी तर चहापाणी केलं, छान बोलल्या, आणि म्हणाल्या, तुम्ही म्हणता तो गॅस पेटवतो, तीच तर भीती आहे ना आम्हाला. बाई तिथे असं काही बोलल्या की आम्हाला उठून यावं लागलं. मग चौकातल्या गाडीशी उभ्या राहून त्यांनी गिला वडा मागवला आणि तो तसाच द्रोणात ठेवून दिला. मी त्यांना पहिल्यांदाच काही न सुचलेलं पाहिलं. मला तर कधीपासूनच काही सुचत नव्हतं.

शेवटी मिलिंदला अकोल्याला आणलं. बाईंच्या सांगण्यावरून आम्ही अर्धं घर उचलून आणलं म्हणा ना: तोच गॅस, तोच कुकर, तीच बादली, दाढीचा तोच आरसा त्याच उंचीवर खिळ्याला. माझ्या नवऱ्यानं एका दिवसात ओट्यावरचं सगळं हलवून जुन्या शेगडीला जागा करून दिली. पण ओटा उजव्या भिंतीला, खिडकी मागच्या बाजूला. आणि मिलिंद? तो सोफ्याच्या कडेला बसला, गुडघ्यांवर हात ठेवून. आम्ही म्हटलं, नवी जागा आहे, दोन दिवस जातील. दोन महिने गेले. तो उठला नाही. कशालाही हात लावेना. सांगितलं तर हसायचा. ताट समोर ठेवलं तर जेवायचा, आणि तेही संकोचानं. मी सकाळी कामाला जाणारी बाई, माझा जीव त्याच्यात अडकलेला, शेवटी मीच त्याला आंघोळीचं पाणी काढून देऊ लागले, शर्ट चढवू लागले.

बाई तोवर लेकीकडे नागपूरला राहायला गेल्या होत्या. गुडघे पार गेलेले, वर काळजाचं दुखणं निघालेलं, लेक घराबाहेर पडू देत नव्हती. तरी एकदा भांडून आल्या, गाडीनं, एकट्या. पाटावर बसणं आता होत नव्हतं म्हणून मी स्वयंपाकघरात खुर्ची ठेवली. बसल्या, हात मांड्यांखाली गेले. म्हणाल्या, मिलिंद, चहा पाज बावा. मिलिंदला त्या आल्याचा इतका आनंद झाला होता की तो त्यांच्याकडे पाहून नुसता हसत होता. पण जागचा हलेना. बाईंनी वाट पाहिली. मी दोनदा काही बोलायला गेले तर मला नजरेनं गप्प केलं. ऊन खिडकीतून ओट्यावर आलं आणि ओट्यावरून खाली उतरलं तरी त्या वाट पाहत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "काहून नाई उठत रे?"

मिलिंदनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू बाईंना एवढंही कळू नये. म्हणाला, "हे ताईचं घर हाय. लोकाच्या घरी कायलेच हात नाई लावाचा."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो लहान असताना आम्ही मूर्तिजापूरला एका लग्नाला गेलो होतो. तिथे त्यानं पाहुण्यांच्या भिंतीवरचं घड्याळ काढायला हात घातला, ते पडून फुटलं, आणि घरातल्या एका म्हातारीनं त्याला सगळ्यांदेखत मारलं. आईनं त्याला तसंच बसमध्ये बसवलं आणि मांडीवर घेऊन घरापर्यंत एकच सांगत आली: लोकांच्या घरी हात लावायचा नाही बाळा, कशालाच लावायचा नाही. स्वतः रडत होती आणि सांगत होती. मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, नंतर पुन्हा कधी सांगितलं होतं का. मी म्हटलं नाही, तेव्हाच, मूर्तिजापूर ते अमरावती. बाई म्हणाल्या, "मंग पक्कं असंन."

तरी त्यांनी करून पाहिलं. हे तुझंच घर आहे, ही तुझीच शेगडी आहे, ओळख बरं. मिलिंदनं शेगडी ओळखली. पण घराचं त्याला पटेना. माझं घर पाडलं, असं तो म्हणाला. रागानं नाही, रडून नाही, त्यांना माहीत नसेल म्हणून सांगितल्यासारखं. तेव्हा बाईंनी हात मांडीखालून काढले आणि त्याच्या डोक्यावर ठेवले. एवढ्या वर्षांत मी त्यांना त्याला हात लावताना पाहिलं नव्हतं. संध्याकाळच्या गाडीला त्यांना सोडायला गेले तर फलाटावर मला म्हणाल्या, "म्या त्याले घर शिकवलं वो. घरच नाई राह्यलं तं म्या आता काय करू?" गाडी आली, मी त्यांना हात धरून चढवलं, आणि त्यांनी तो धरू दिला.

त्यानंतर नवंच सुरू झालं. संध्याकाळ झाली की मिलिंद चपला घालून निघायला लागला. पहिल्या दिवशी तो कोपऱ्यापर्यंत पोहोचला होता. मी त्याला ओढत आणलं, खूप ओरडले, दाराला कुलूप लावलं. कुलूप पाहून तो घाबरला, भिंतीशी अंग चोरून बसला. दुसऱ्या दिवशी तेच. मी रडत बाईंना फोन केला. आवाज खोल गेला होता त्यांचा, मध्येच थांबत बोलत होत्या. कुलूप आधी काढ, म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तो पाहुना हाय, सुजाता. पाहुन्याले कुलूप नाई लावत, पाहुन्याले आग्रह करतेत. तसंच थांबव त्याले. माह्यानं दुसरं काई होत नाई आता." ज्या बाईंनी आयुष्यभर कोणाला हातात पेला उचलून दिला नाही, त्या मला हे सांगत होत्या. त्यांना ते सांगताना काय झालं असेल, याचा विचार मी अजून पुरता करू शकलेली नाही.

पुढच्याच महिन्यात त्यांच्या लेकीचा फोन आला. मिलिंदला मी जवळ बसवून सांगितलं, बाई गेल्या. त्यानं विचारलं, घरी गेल्या का. मी हो म्हटलं.

आता रोज दिवे लागायच्या सुमारास मिलिंद सोफ्यावरून उठतो. शर्ट खाली ओढून नीट करतो, चपला घालतो आणि दाराशी उभा राहून म्हणतो, "येतो मंग, ताई." मी हातातलं काम टाकून जाते. बाहेर त्याचं कोणी नाही, जायला जागा नाही, हे त्याला सांगण्याची हिंमत मला होत नाही. मी आपली म्हणते, असं कसं रे, आत्ताच तर आलास, आज मुक्काम कर ना, सकाळी जाशील. तो रस्त्याकडे पाहतो. माझ्याकडे पाहतो. मी घाई करत नाही. मग तो वाकून चपला काढतो, भिंतीशी नीट लावून ठेवतो आणि मला वाईट वाटू नये म्हणून हसून म्हणतो, "बरं. आजच्या दिवस."